नाऊन, व्हर्ब आणि आमचे गुरुजी

"जात सांग याची," म्हणत गुरुजी खडू पोराच्या नाकासमोर धरायचे. खडूची नव्हे, 'चॉक' या इंग्रजी शब्दाची. पोरगं 'नाऊन' म्हणालं की खडू खाली यायचा आणि गुरुजींचा चेहरा सैल व्हायचा.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. वर्ध्याजवळच्या सेलूच्या मिडल स्कूलमध्ये मी गणित शिकवायचो आणि ते इंग्रजी. घरंही शेजारीच. 'रन' म्हणजे व्हर्ब, 'ब्लू' म्हणजे अ‍ॅड्जेक्टिव्ह, हे त्यांचं चहाच्या दुकानात बसल्यावरही चालायचं. चहावाला मुद्दाम विचारी, "गुरुजी, शुगर?"

"नाऊन. पन कमी टाकजो."

आता ऐका गंमत. गुरुजी स्वतः मॅट्रिक नव्हते. दर मार्चमध्ये वर्ध्याला जाऊन परीक्षेला बसायचे आणि नेमके इंग्रजीत आपटायचे. पेपरात शब्दांच्या जाती ओळखण्याचा एक प्रश्न असे. तो त्यांचा हक्काचा. त्यात त्यांचा एकही मार्क कुणी कापला नाही. बाकी पेपरात मात्र सगळा अंधार. शब्द एकेकटा भेटला तर ते त्याची सात पिढ्यांची ओळख सांगत, पण दहा शब्द मिळून आले की गुरुजी बावरून जात.

मी त्यांना निबंध शिकवायला बसलो. गाईवर लिहा म्हटलं. त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याची जात लिहिली. हे काय, म्हणून विचारलं.

"तपासनाऱ्याले दिसलं पाह्यजे ना भाऊ, का मले सारं समजून राह्यलं. मंग मार्क काऊन कापतीन?"

परीक्षेतही ते असंच लिहून येत होते, हे मला तेव्हा कळलं. किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. एकच किल्ली घेऊन सगळी कुलपं उघडू पाहणारा.

मग आपला भाग मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. वर्षभरात शाळेला हुकूम आला की मॅट्रिक नसलेल्या हंगामी मास्तरांना ही शेवटची संधी. गुरुजी इतकी वर्षं हंगामीच होते. गुरुजींची बायको, आमच्या वहिनी, कुंपणाजवळ येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "यायची नौकरी गेली तर केळझरले जा लागते. दिराच्या वावरात राबा लागते. पोरींची शाळा तं बंदच समजा."

गुरुजी मात्र खुशीत होते. "या खेपेले निघतोच भाऊ. जाती तं पाठच हायेत आपल्या."

इंग्रजीच्या पेपराच्या संध्याकाळी मी मोटार स्टँडवर गेलो. ते सगळ्यांत शेवटी उतरले. पेपर कसा गेला, विचारलं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी चष्मा पुसला.

"शब्दांच्या जाती नव्हत्या भाऊ."

"नव्हत्या म्हणजे?"

"नवीन पेपर हाय म्हन्तात. बाकी सारं होतं. मले येते तेवढंच त्यायनं विचारलं नाई."

आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र राग आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. निकाल लागायच्या आधीच वहिनींनी भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

जुलैत शाळा उघडली. गुरुजींच्या जागी नागपूरचा एक मॅट्रिक पास तरुण आला होता. प्रार्थना सुरू झाली आणि पाहतो तर धुतलेला सदरा घालून गुरुजी मास्तरांच्या ओळीत शेवटी उभे. त्यांना जा म्हणायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. हेडमास्तरांनीही नजर वळवली.

प्रार्थना संपली. पोरं वर्गात गेली, मास्तर गेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "गुरुजी, चला, चहा घेऊ."

"नाई भाऊ. तुमचा तास हाय."

ते तिथंच उभे राहिले. मी वर्गातून पाहिलं तेव्हा मैदान मोकळं होतं.