एका कान्याचा फरक

छातीत दुखतं असं खोटंच सांगायचं असेल तर बोट निदान डाव्या बाजूला ठेवावं, एवढी अक्कल मला गणिताचा मास्तर होऊनही नव्हती. लाखनीच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शनिवारी सकाळी कवायत असे आणि पोरांबरोबर मास्तरांनीही मैदानाला फेऱ्या मारायच्या, असा तिथला रिवाज. दुसऱ्याच फेरीला माझं पोट माझ्या पुढं धावू लागलं, तेव्हा मी कडेला झालो, उजव्या बरगडीवर बोट टेकवलं आणि कण्हलो.

पी.टी.चे कापगते सर तोंडातली शिट्टी काढून जवळ आले. बुटका माणूस, इस्त्रीची खाकी अर्धी पँट, आणि नजर अशी, की समोरच्याला आपले खिसे चाचपावेसे वाटावेत. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. कधीपासून दुखतं, धावताना की थांबल्यावर, आणि कुठं. तिसऱ्या प्रश्नाला मी बोट आणखी रुतवून दाखवलं. सर त्या बोटाकडं पाहून फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मास्तर, तुमचं काळीज उजवीकडं केव्हापासून राह्यते जी?"

मला त्यांनी सावलीत बसवलं खरं, पण तास संपेपर्यंत लांबून एक डोळा माझ्यावरच होता. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनातून उतरला. लबाडाला पकडणाऱ्याचा राग लबाडालाच जास्त येतो, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

संशय हा सरांचा धर्मच होता. शर्यतीत सगळे पुढच्या पोराकडं पाहत, सर शेवटच्याकडं पाहत. धापा टाकत आलेल्या पोराला ते पाणी देण्याआधी त्याच्याशी गप्पा मारत. पोरगं अख्खं वाक्य बोललं की सोडून देत. दोन शब्दांवर अडकलं की खाली बसवून ठेवत. "धाप सगळ्यायलेच लागते," ते म्हणत, "थे परत जाते का नाई, हे पाहा. थांबल्यावर घेरी आली त पोट्टा बहुतेक उपाशी असन. धावता धावता आली त मले भेव वाटते." दुखणं बोटानं दाखवणाऱ्याला एकदा पुसा, मुठीनं दाखवणाऱ्याला खाली बसवा, हेही त्यांचंच. पण सगळ्यात विचित्र वाटायचं ते असं: "'दुखते' म्हणते त्याच्यावर एक डोळा ठेवा, 'काई नाई जी' म्हणते त्याच्यावर दोन."

मी एकदा खवचटपणे विचारलं, की सर, न दुखणाऱ्यावर कसला संशय? ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "एक पोट्टा होता साकोलीले," एवढंच म्हणाले. "थो म्हणला होता, काई नाई जी."

नववीत शकुन नावाची मुलगी होती. दोन कोसांवरच्या खेड्यातून पायी यायची आणि धावायला लागली की पोरांनाही मागं टाकायची. तालुक्याच्या शर्यती तोंडावर आल्या आणि सरांनी अचानक तिचं नाव यादीतून काढलं. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली, ती निघाली सरांची भाची. आता यात कुणालाही काय दिसेल? मला तर लगेच दिसलं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, की सरांच्या शिट्टीला घरचा वारा लागलेला दिसतो. वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते तीनदा वापरलं. चौथ्यांदा ते शकुनच्या वडिलांच्या कानावर गेलं. रामाजींनी निरोप धाडला, की त्या पी.टी.वाल्यानं आमच्या दारात पाय ठेवायचा नाही.

म्हणून सर माझ्याकडं आले. रामाजी माझ्या सासुरवाडीचे, त्यामुळं मला त्यांच्या घरी चहा तरी मिळाला असता. शिट्टीचं ते वाक्य कुणाचं, हे सरांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. म्हणाले, "त्यायले सांगा, पोरीचा दम पुरत नाई. धावता धावता तुटते. नागपूरले नेऊन छाती दाखवा म्हणा. अन् तोवर बिलकुल धावू देऊ नका."

दम हा त्यांचा कबड्डीतला शब्द. मी रविवारी गेलो, पोहे खाल्ले, धानाची चौकशी केली. मनात भाची होतीच. त्यामुळं निरोप मी असा दिला, जसा शेजाऱ्याचा कंदील परत करावा: "शकुनच्या दमाचं एकदा पाहून घ्या." नागपूर राहिलं, धावू देऊ नका हेही राहिलं. आणि आमच्याकडच्या बोलण्यात दमाचं काय आणि दम्याचं काय, कान एकच ऐकतो. रामाजींचा चेहरा उतरला. पोरगी लग्नाला येत चाललेली आणि घरात दमा निघाला. त्यांनी मला हात जोडून विनवलं, की हे गावात बोलू नका. मला वाटलं, माणूस भलताच हळवा आहे.

दुसऱ्या दिवसापासून शकुन शाळेत यायची थांबली. आठ-दहा दिवस झाले. आम्ही सगळे म्हणालो, अपमान झाला पोरीचा. सर मात्र मला व्हरांड्यात गाठून उभे राहिले. "मास्तर, तुमी काय सांगितलं? शब्दन् शब्द सांगा."

मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, शब्द पाचच होते.

"धावू देऊ नका म्हणलं होतं का?"

त्यांनी सायकल काढली. मी माझी काढून मागं लागलो. त्या दोन कोसांत मला आयुष्यातली पहिली खरी धाप लागली, आणि नेमकं त्याच दिवशी मला कुणी काही विचारलं नाही.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, रामाजी खडे मांडून बसले होते. एका वैद्यबुवांनी त्यांना सांगितलं होतं, की दम्यावर काढा द्या आणि पोरीला दोन्ही वेळा पळवा, छाती मोकळी होते. प्रत्येक फेरीला एक खडा. समोरून शकुन येत होती. ते धावणं नव्हतं, पाय ओढणं होतं. ओठ निळसर पडलेले आणि एक मूठ छातीवर.

मला वाटलं, सर शिट्टी फुंकतील, ओरडतील. ते तिच्या बाजूनं चालू लागले, तिच्याच चालीनं. हळू, आता चाल, आता बस, असं म्हणत त्यांनी तिला पाळीवर टेकवलं आणि शेजारी बसून विचारलं, कसं वाटते.

"काई नाई जी," ती म्हणाली.

"माह्याशी खोटं बोलू नको, बाई."

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मुठीत धरल्यावानी होते. मंग अंधारी येते. सांगितलं त तुमी तालुक्याले नेलं नसतं, म्हणून नाई सांगितलं."

रामाजी उठून उभे राहिले होते. त्यांनी सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दमाचं पाहा, असं यायनंच त सांगितलं," ते म्हणाले. मी तलावाकडं पाहू लागलो. पाणी बरंच होतं, पण उडी मारण्याएवढा धीर नव्हता.

"चूक माही हाय रामाजी," सर म्हणाले. "मी सोता यायले पायजे होतं. उद्या नागपूरले चला, मी येतो संगं."

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, की लहानपणी सांधे धरून ताप आला होता का. आला होता, महिनाभर पोर उठली नव्हती. त्या तापानं काळजाची एक झडप आवळत गेली होती. पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं. शकुन पुन्हा शर्यतीत धावली नाही. सरांची भाची तालुक्याला चौथी आली.

घरच्या वाऱ्याचं माझं ते वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही, मी तर नाहीच. पुढं सरांची बदली पवनीकडं झाली, मग ते निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असं कळलं. मी सांत्वनाला गेलो. शकुन आली होती, कडेवर मुलगी घेऊन. ओसरीवर बसून ती सरांच्या बायकोशी हळूहळू, अख्ख्या अख्ख्या वाक्यांत बोलत होती.

घरी आलो तेव्हा बायको सुपात तांदूळ पाखडत होती. मी पाय धुतले, शकुनला पाहिल्याचं सांगितलं. मन भरून आलं होतं. म्हणालो, काही म्हण, पण त्या पोरीला आम्ही दोघांनी मिळून वाचवलं.

तिचं सूप थांबलं नाही.

"पोरीले धावाले तुमी लावलं, अन् थांबवलं त्यायनं," ती म्हणाली. "त्यात 'आमी' कुठून आलं?"