माहुलीच्या डोंगरावर आई

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ट्रेकिंग ग्रुपबरोबर माहुली किल्ल्यावर जायचं म्हटलं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "आई बरोबर जाईल."

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही कल्याणजवळ मोहन्यात राहायचो. आमच्या वस्तीतली कुठलीच मुलगी मुलांबरोबर डोंगर चढायला जात नव्हती. या अटीवर मी आपणहून माघार घेईन, असं बाबांना वाटलं असणार. मी घेतलीही असती. पण तव्यावरची भाकरी उलटता उलटता आई म्हणाली, "किती वाजता निघायचं?"

मार्चची सुरुवात होती. आसनगाव स्टेशनला उतरून आम्ही आठजण पायथ्याच्या गावाकडे चालायला लागलो. सहा मुलं-मुली, मी आणि सहावारी साडी कमरेला घट्ट खोचलेली माझी आई. हातात कापडी पिशवी, तिच्यात भाकऱ्यांचा डबा, ठेचा, कांदे. मला इतकी लाज वाटत होती की मी मुद्दाम चार पावलं पुढे चालत होते. आमचा लीडर शेवटच्या वर्षाचा, उंच, खांद्यावर दोराचं वेटोळं. पायथ्याचं देऊळ आल्यावर तो अदबीने म्हणाला, "काकू, तुम्ही इथे सावलीत बसा. आम्ही चारपर्यंत येतोच."

"बसायला घर होतंच की," आई म्हणाली आणि चालायला लागली.

पहिला तास मजेत गेला. पळस फुललेले, करवंदाच्या जाळ्यांना हिरवी बारीक करवंदं धरलेली. मग एका फाट्यावर लीडर डावीकडे वळला. त्याच्या मते ही वाट जवळची होती. वाट हळूहळू बारीक झाली, मग कारवीत शिरली आणि संपली. कारवीच्या वाळक्या काठ्या डोक्याच्या वर गेलेल्या. हाताने बाजूला साराव्यात तर मागच्याच्या तोंडावर आदळायच्या. पायाखाली नुसता घसारा. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली यायचं. काट्यांनी हात सोलवटले, माझी ओढणी एका जाळीत अडकून टरकन फाटली. अकरा वाजता सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या, आणि आमचा लीडर दर दहा पावलांनी थांबून इकडेतिकडे बघायला लागलेला.

"अरे, वाट चुकलोय का आपण?" कुणीतरी विचारलं.

"नाही रे, वर गेलं की मिळेल," तो म्हणाला. मी घाबरलेले. एका मुलीला गरगरायला लागलं, ती दगडावर बसली ती उठेना. आईने तिच्या डोक्यावर पदर धरला, आणि आम्ही सगळे वर बघत असताना ती एकटी खाली बघत होती.

"हितं गुरं येत्यात," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

"श्येण बघ की. वरचं वाळून दगड झालंय, खालच्या अंगाला ताजं हाय. आणि त्यांच्या पायवाटा सगळ्या त्या घळीकडं उतरत्यात. जनावर उगा उतरत नाय. तिकडं पाणी असणार."

लीडरने एकदा वर पाहिलं, एकदा आईकडे. मग दोर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाला, "चला, काकूंच्या मागे."

आई पुढे आणि आम्ही एका रांगेत तिच्यामागे. ती सरळ न उतरता तिरकी चालत होती, गुरांसारखीच. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही एका कोरड्या ओढ्यात आलो. नुसते गोटे. आमची तोंडं उतरली. आई मात्र ओढ्याच्या कडेच्या एका मोठ्या उंबराखाली गेली. तिथली वाळू जरा काळपट होती. तिने बांगड्या मागे सारल्या आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागली. कोपरभर खड्डा झाला तेव्हा तळाशी गढूळ पाणी चमकलं.

"थांबा, हात नका घालू. निवळू दे झिरा," तिने दटावलं.

पाच मिनिटं आम्ही खड्ड्याभोवती उकिडवे बसून होतो. मग तिने डब्याचं झाकण अलगद बुडवलं आणि आधी त्या गरगरलेल्या मुलीला पाजलं. मग सगळ्यांना, आणि शेवटी स्वतः. इतकं गार पाणी मी त्याआधी कधी प्यायले नव्हते.

तिथेच भाकऱ्या खाल्ल्या. खाता खाता आई बोलायला लागली. साताऱ्याकडच्या दुष्काळी गावातली ती. लग्न होईपर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत, वीस शेळ्या घेऊन दिवसभर माळावर असायची. झिरे उकरायला तिच्या आजोबांनी शिकवलेलं. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरं.

जेवण झाल्यावर लीडर म्हणाला, "आता खालीच जाऊया. सॉरी, माझीच चूक झाली."

"खाली कशाला?" आई म्हणाली. "वर जायचं म्हणून आलोय ना आपण?"

ओढ्याच्या कडेने चढलो तर अर्ध्या तासात मूळची मळलेली वाट लागली. पुढे कड्याला लावलेली लोखंडी शिडी आई न थांबता चढली. खालून लीडर ओरडत होता, "काकू, सावकाश!" आणि ती वरून हसत होती. माथ्यावर वारा इतका की तिचा पदर हातात राहीना. तिने मला विचारलं, "आपलं घर कुठल्या अंगाला?" मी दूर कल्याणच्या बाजूचा धुरकट पट्टा दाखवला. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग दुसऱ्या बाजूला वळली, जिथे नुसते डोंगर होते, आणि तिकडे तोंड करून बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. इतकं बरं मला घरात तिच्याजवळ बसून कधी वाटलं नव्हतं.

उतरून स्टेशनवर आलो तेव्हा ऊन पार कललं होतं. टपरीवर आईने एक चहा घेतला, लगेच दुसरा घेतला. लीडर डायरी काढून तिच्यासमोर उभा राहिला.

"काकू, पुढच्या महिन्यात गोरखगड आहे. तुमचं नाव लिहू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"लिव्ह," ती म्हणाली. "आणि हिचंपण लिव्ह."