मैतरीण मंडळाची गौरा

गौरा खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची. बाप सखा पावसात भात-नागली करायचा आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा. गौरा आश्रमशाळेत. तिच्या पाठचा भाऊ भट्टीवरून आला तोच सुकलेला, आणि पुढच्या पावसाळ्यात, चालायला लागायच्या आतच गेला. त्याच्याबद्दल ती फारसं बोलत नसे. पुढे तिनं जे केलं त्याचं मूळ तिथं होतं, असं तिच्या मैत्रिणी म्हणतात.

जव्हारला कॉलेजात आल्यावर तिला मुलींच्या वसतिगृहात खाट मिळाली. पहिले काही आठवडे सगळ्याच नव्या मुली पांघरुणात तोंड खुपसून रडत. दुसऱ्या वर्षी गौरानं ठरवलं की हे असं चालायचं नाही. तिनं मैतरीण मंडळ काढलं. नवी मुलगी आली की तिला एक जुनी मैतरीण नेमून द्यायची, तिच्या केसांत गजरा माळायचा आणि तिनं आपल्या पाड्यावरचं एक गाणं म्हणायचं. एकटीनं जेवायचं नाही, हा मंडळाचा नियम. रविवारी दुपारी सगळ्या ओळीनं पायऱ्यांवर बसून पुढचीच्या डोक्याला तेल लावत. स्नेहसंमेलनात एकमेकींच्या साड्या नेसून तारप्याच्या सुरावर नाचत. गृहपाल बाई म्हणायच्या, "मंडळ झाल्यापासून माझं अर्धं काम कमी झालं."

पुष्पा मोखाड्याकडची. बारीक, सावळी, बोलायला कमी. तिची मैतरीण म्हणून गौरानं स्वतःलाच नेमून घेतलं. पुष्पानं गाणं म्हणायच्या वेळी मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी गौरानंच तिच्या वाटणीचं गाणं म्हटलं.

त्या थंडीत मंडळ रविवारी सकाळी जीपनं जवळच्या एका पाड्यावर जाऊ लागलं. तिथले आईबाप कामाला बाहेरगावी गेलेले, पोरं म्हाताऱ्यांपाशी. मुली पोरांची नखं कापायच्या, अक्षरं गिरवून घ्यायच्या, गोष्टी सांगायच्या. पण पोरांचं लक्ष गोष्टीत लागत नसे. एक पोरगी तर गोष्ट ऐकता ऐकता झोपून जायची. गौरानं तिचं मनगट हातात धरून पाहिलं, ते तिच्या दोन बोटांत मावलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आपल्याला शनिवारी अंडं मिळतं. आपण नाही खाल्लं तर मरणार नाही. ते त्या पोरांना नेऊ."

कुणी नाही म्हणालं नाही. दर शनिवारी उकडलेली अंडी फडक्यात बांधून ठेवली जाऊ लागली. मग केळीही जाऊ लागली. पोरं जीपचा आवाज ऐकून रस्त्यापर्यंत धावत यायची. ती झोपाळू पोरगी हळूहळू जागी राहायला लागली. कॉलेजात मंडळाचं नाव झालं, प्राचार्यांनी संमेलनात गौराला शाल दिली. तिनं ती सगळ्या मुलींच्या खांद्यांवरून फिरवली आणि मग पुष्पाच्या खांद्यावर ठेवली, कारण पाड्यावर जायचं पुष्पानं एकदाही चुकवलं नव्हतं.

फेब्रुवारीत कॉलेजात रक्तदानाचं शिबिर होतं. मंडळानं फलक रंगवले, रांगोळी काढली आणि मुलीच सगळ्यात पुढे रांगेत उभ्या राहिल्या. सिस्टरनं बोटाला टोचून तपासणी सुरू केली. पहिलीला परत पाठवलं. दुसरीलाही. तिसरीचं वजन भरेना. परत आलेल्या मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या, हसण्यासारखं काय आहे ते त्यांनाही कळत नव्हतं. गौराचंही रक्त कमी निघालं.

पुष्पाची पाळी आली तेव्हा सिस्टरनं तिचं बोट दोनदा टोचलं. मग तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"तू जिने चढतेस?"

"चढते."

"दम लागत नाही?"

"लागतो. बसते मग जरा."

सिस्टरनं गौराला बाजूला बोलावलं. "ही रक्त द्यायला आलीय? हिलाच रक्त चढवायला पाहिजे. हिमोग्लोबिन पाचाच्या खाली आहे. हिला उद्याच दवाखान्यात ने."

त्या दुपारी गौरानं पुष्पाला पायऱ्यांवर बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की पुष्पा फक्त शनिवारचं अंडं देत नव्हती. मधल्या दिवसांतले चणे, पोळ्या, फळं, जे रविवारपर्यंत टिकेल ते ती बांधून ठेवायची. उरलेला भात आणि पातळ आमटी, एवढंच तिचं जेवण. मैतरणींच्या घोळक्यात रोज जेवायला बसायची, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं तुला एवढं करायला?" गौरानं विचारलं.

"तूच म्हणालीस, मरणार नाही म्हणून," पुष्पा म्हणाली. तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिनं खरंच तसं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गौरा तिला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रक्त बाहेरून मागवावं लागेल, होळीनंतर भरती व्हायला या, म्हणाले. शिमग्याला सगळं वसतिगृह रिकामं होतं. गौरानं पुष्पाला मोखाड्याच्या एसटीत बसवलं, गोळ्यांची पुडी तिच्या मुठीत दिली आणि म्हणाली, "घरी खा. कुणाला देऊ नको."

घरी पुष्पाला ताप भरला. सण होता, पाहुणे होते, आणि ती उठून काम करत होती. धुळवडीच्या सकाळी ती चुलीपाशी बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात नेलं तेव्हा छाती धडधडत होती, दुपारी ती थांबली.

फोन आला तेव्हा गौरा आपल्या पाड्यावर होती. मिळेल ती जीप धरून ती पुष्पाच्या घरी पोहोचली तेव्हा माती देऊन लोक परतले होते. बाप मंगळू अंगणात बसला होता. आईनं गौराला आत बोलावलं, पाणी दिलं.

"तू गौरा का? तुझं नाव घ्यायची ती," आई म्हणाली. "बाय, खरं सांग. हॉस्टेलात पोटभर मिळायचं नाय का?"

गौराला 'नाही मिळायचं' म्हणून सुटता आलं असतं.

"मिळायचं," ती म्हणाली. "ती वाटून टाकायची. पाड्यावरच्या पोरांना. द्यायचं मीच काढलं होतं."

आईनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"घरातपण तशीच. धाकट्यांना आधी." मग तिनं विचारलं, "तूपण देत होतीस?"

"हो."

"मग तू कशी राहिलीस?"

बाहेर मंगळू उठून शेताकडे चालू लागला. अंधार पडायच्या आत गौरा निघाली. निघताना तिला कुणी थांब म्हणालं नाही.

वसतिगृह पुन्हा भरलं तेव्हा गौरानं मंडळ बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून ताटातलं काहीही बाहेर जाणार नाही."

तिच्याच खोलीतली प्रतीक्षा उठून उभी राहिली. "पुष्पा गेली म्हणून त्या पोरांनी उपाशी राहायचं?"

"राहतील," गौरा म्हणाली. "आपण उपाशी राहिलो तरी ती उपाशीच आहेत. कमी झालं ते आपलं रक्त."

प्रतीक्षा आणि दोघीचौघी तरीही पुढच्या रविवारी गेल्या. नंतर परीक्षा लागल्या, मग पाऊस. पाड्यावर जाणं थांबलं. गौरा आणि प्रतीक्षा एकाच खोलीत राहत होत्या, पण शेवटपर्यंत नीट बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी नव्या मुलींना मैतरणी नेमल्या गेल्या नाहीत.

गौरा बीए झाली. आता ती मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकघरात रोजंदारीवर आहे. मुली जेवत असताना ती पंगतीतून फिरते, ताटं बघते, आणि कुणी काही उरवलं तर उठू देत नाही. मुलींना ती आवडत नाही. शिकलेल्या मुलीनं असं काम का धरलं, असं तिचा बाप सखा अजून विचारतो.

आवणीच्या दिवसांत ती सुट्टी काढून पुष्पाच्या घरी जाते आणि पुष्पाच्या आईच्या शेजारी चिखलात वाकून रोपं लावते. आई तिच्याशी कामापुरतं बोलते. येऊ नको असं मात्र ती अजून म्हणालेली नाही.