उत्तरासाठी सोडलेली जागा

रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर दादा, म्हणजे माझे वडील, मला निरोप द्यायला आले ते पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून. माझी ट्रंक टपावर चढली होती, आई डोळ्याला पदर लावून उभी होती, आणि दादा गाडीत शिरून सीटासीटांवर कागद वाटत होते. हुंडा बंद करा, लग्न ठरवण्याआधी पोरीला विचारा. फौजेतून परत आल्यापासून त्यांनी ही ड्यूटी लावून घेतली होती.

"आवं हवालदार," कंडक्टर म्हणाला, "पोरगी चालली ममईला. तिला काय बोलायचं ते बोला की. कागदं कसली वाटताय?"

"तिला ह्यो कागद पाठ हाय. तुला न्हाई. घे."

मग खिडकीशी येऊन मला एवढंच म्हणाले, "पटलं न्हाई तर गप बसू नगंस." गाडी हलली.

खरंच, मी त्या कागदांवर वाढले. अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी ठळक टायपात 'मागणी' असायची, त्यामुळे माझ्या शाळेतल्या निबंधांच्या शेवटीही मागणी असे आणि बाई तिच्यावर लाल रेघ मारत.

आता मी दादरला एका छोट्या कंपनीत फिल्म जोडते. थंडगार खोली, हातात पांढरे मोजे, समोर तुकडे चिकटवायचं यंत्र, स्प्लायसर. शिफ्ट संपली की होस्टेल, मेस, झोप. आमची कंपनी मोठ्या सिनेमांच्या लहान प्रती काढते, घरच्या प्रोजेक्टरवर लावता येतील अशा. परदेशी गेलेली मराठी माणसं त्या मागवतात. जो सिनेमा मी जत्रेच्या तंबूत, मातीवर फतकल मारून, धुरळा खात पाहिला, तो आता डब्यात बसून लंडनला, नैरोबीला कुणाच्या तरी हॉलमध्ये जातो. मला याचं अजून नवल वाटतं.

यंदा कंपनीने अण्णांच्या सिनेमांचा संच काढायला घेतला. अण्णा आमच्या भागातले दिग्दर्शक, सांगलीचे. आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग सिनेमे काढू लागले. पण नाटक काही सुटलं नाही. त्यांच्या सिनेमात आभाळ रंगवलेलं असतं आणि वारा आला की हलतं. माणसं विंगेतून यावीत तशी बाजूने येतात. कॅमेरा तिसऱ्या रांगेत तिकीट काढून बसल्यासारखा जागचा हलत नाही. आणि ऐन मोक्याच्या वेळी पात्र वळून थेट आपल्याला विचारतं. एका सिनेमात जमिनीच्या लोभाने लेकीचं लग्न ठरवू पाहणारा बाप वळतो आणि म्हणतो, "सांगा मंडळी, पोरीला इचारू का नको?" मग तो गप्प उभा राहतो. आमच्या तंबूत त्या वेळी एकच गलका व्हायचा. "इचार की रं!" "ती काय म्हस हाय व्हय?" एकदा माणदेशाकडची एक मेंढरंवाली बाई उठून उभी राहिली. "आदी तिला शाळंत घाल, मग इचार!" तिच्यासाठी टाळ्या पडल्या. हे दादांच्या पत्रकाला कधी जमलं नव्हतं.

आमच्या मालकांनी रीळ पाहिलं आणि म्हणाले, "हा माणूस नुसता उभा आहे. असल्या जागा कापा. लांबी कमी होईल."

"ती जागा लोकांच्या उत्तराची आहे."

"हॉलमध्ये सोफ्यावर चौघं बसणार. कोण उत्तर देणार?"

"विचारलंच नाही तर कुणीच देणार नाही. ज्यांना विचारत नाही ते प्रेक्षक कसले, नुसती गिऱ्हाइकं."

"मग गिऱ्हाइकंच आहेत ती," मालक म्हणाले. "सोमवारपर्यंत कापा. नाहीतर दुसरं कुणी कापेल, आणि तुमच्या टेबलावर बसून कापेल."

शनिवारी मी सांगलीची गाडी पकडली. वाटलं, अण्णा पेटून उठतील. अण्णा बनियनवर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सगळं ऐकून म्हणाले, "काप."

"कापू? तुम्ही म्हणताय?"

"अगं, पयल्या शिनेमात जागा नव्हतीच. लोक मधीच वरडायचे, म्होरलं वाक्य कुणाला ऐकू जायचं न्हाई. म्हनून दुसऱ्यापासनं थांबाय लागलो. जागा मी सोडली न्हाई, लोकांनी घेतली."

"मग ती तुमची नाहीच. काप म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

शेंग हातात तशीच धरून ते हसत सुटले. "कुनाची गं तू? त्या कागदवाल्या हवालदाराची? तरीच." मग गंभीर होऊन म्हणाले, "तुझ्या मालकाच्या घरात लावून बघ. कुनी बोललं तर ऱ्हाऊ दे. न्हाई बोललं, तर तुझ्या हातानं काप. परक्या हातानं नगं."

सोमवारी मालकांना मी तसंच सांगितलं. ते चिडले, पण पैज लावल्यासारखे तयार झाले. त्या संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावली. सोफ्यावर मालक, मालकीणबाई, कॉलेजातली मुलगी आणि मालकांच्या आई. आई तासगावकडच्या, पण दादरला येऊन जन्म गेला. बोलणं अगदी छापील.

बाप वळला. "सांगा मंडळी, पोरीला इचारू का नको?"

कुणी हललं नाही. प्रोजेक्टरची घरघर तेवढी. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कात्री डोळ्यांपुढे दिसू लागली.

"इचारा की वो!" आई म्हणाल्या. "मला कुनी इचारलं न्हाई!"

सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. "आई?" मालक म्हणाले. आईंनी त्यांना हाताने गप्प केलं. "थांब रं, बघू दे त्यो काय म्हनतोय." आणि मुलगी हसत म्हणाली, "आजी, माझ्या वेळी बाबांना हेच सांग हं."

सिनेमा संपल्यावर मालकांनी स्वतःच चादर उतरवली. मी निघताना दारात म्हणाले, "जागा ठेवा. सगळ्या सिनेमांत."

पूर्वी घर म्हटलं की मला रहिमतपूर दिसायचं, आणि मी त्याच्यापासून तुटले असं वाटायचं. आता तसं वाटत नाही. ज्या खोलीत मला विचारून माझ्या 'व्हय-न्हाई'ची कुणी वाट बघतं, ती माझी. मग ती दादरला असो की आणखी कुठे.

संच पुढच्या बोटीने निघेल. गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला सांगायला नको. पण दूर गेलेल्यांनो, माझी एक मागणी आहे. पडद्यावरचा माणूस तुमच्याकडे बघत गप्प उभा राहिला, तर मशीन अडकलं समजून उठू नका. त्याला उत्तर द्या. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्या.