बिल्ल्याखालचा रंग

मी लिहावे असे माझ्याजवळ फारसे काही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कागदावर दोन ओळी लिहायच्या म्हटले तरी कुणाची तरी परवानगी घ्यायला हवी होती असे वाटत राहते. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनाही मी विचारलेले नाही. म्हणून आधीच माफी मागतो. यात काही उणे राहिले तर ते माझ्या लिहिण्यातले समजावे, त्यांच्यातले नव्हे.

चाचा कुठलाही रंग सावलीत बघत नसत. कुणी स्कूटरचे मडगार्ड घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, ह्यो रंग जुळंल का?", की ते अंगठा जिभेला लावायचे, पत्र्यावर घासायचे, मग ते मडगार्ड काखेत मारून शेडच्या बाहेर रस्त्यावर जायचे. "आधी उन्हात बघू." उन्हात बराच वेळ डोळे बारीक करून उभे. गिऱ्हाईक तोवर घामाने भिजलेले.

हे त्यांचे वाक्य फक्त रंगापुरते नव्हते. समोरच्या पंक्चरवाल्या रज्जाकला मुलगी सांगून आली, तर म्हणाले, "आधी उन्हात बघू." मी पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आलो आणि पेपर बरे गेले म्हणालो, तरी तेच. रज्जाक त्यांची नक्कल करायचा. चाचा चिडत नसत, कारण त्यांना ती नक्कल आपली वाटतच नसे.

लातुरात औसा रोडला त्यांची गाड्या रंगवायची पत्र्याची शेड होती. शेडच्या मागे त्यांचे घर, आणि घराला टेकून असलेली एक खोली मला भाड्याने दिलेली. मी जवळच्या मुरुडचा. वडील मजुरीला जायचे. लातूर नुकतेच जिल्हा झाले होते. बँकांच्या, दवाखान्यांच्या, पतपेढ्यांच्या पाट्यांवर 'जि. लातूर' असे ओल्या रंगात झळकत होते आणि गावातले पाटीवाले पेंटर जेवायलाही बसत नव्हते. चाचांच्या शेडमध्ये मात्र शांतता होती.

"चाचा, लातूर जिल्हा झालं, तुमी तालुक्यालाच राहिले की," रज्जाक रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा.

"जिल्हा झालं तर नळाला पानी येऊ दे म्हन त्याला," चाचा जागचे न हलता म्हणायचे.

पाणी नव्हते. दुष्काळाचे वर्ष होते. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. मीही धावायचो. सकाळी कॉलेज, मग रांग, मग पुस्तक उघडून त्यावरच डोके टेकलेले. त्या वर्षीची माझी मुख्य आठवण थकव्याची आहे. आणि आपल्याला ठाऊक असेल, गाडी रंगवण्याचे काम म्हणजे आधी पाण्याचे काम. जुना रंग पॉलिश पेपरने घासायचा तो पाणी सोडत सोडत. कोरडे घासले की पत्र्यावर ओरखडे उठतात. चाची म्हणायची, "मानसं तहानली हायत, आन ह्यांला गाडीला आंघोळ घालायची." तिचे धुणे झाले की उरलेले सोड्याचे पाणी ती बादलीत काढून ठेवी. तेवढ्यावर चाचांनी काम करायचे, असा घरातला कायदा होता.

अशा दिवसांत उदगीरच्या भाऊसाहेबांनी ट्रकवर घालून ती गाडी आणली.

तशी गाडी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, टप नसलेली. विलायती. भाऊसाहेबांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेत कोरी घेतलेली, शर्यतीची म्हणून. आता ती लालभडक होती आणि जागोजागी पापुद्रे सुटले होते. हैदराबादला जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरायचे होते. तिथे गाडी कंपनीच्या मूळ रंगात लागते म्हणे. तो रंग कोणता, हे घरात कुणाला नक्की सांगता येईना.

"शोधून काढा चाचा," भाऊसाहेब म्हणाले, "आणि तोच द्या."

चाचा गाडीभोवती फिरले. अंगठा ओला केला, पण घासला नाही. मला म्हणाले, "कॉलेजवाले, तुमाला ठाव हाय का ही कुनाच्या हातची गाडी हाय?"

मला ते 'तुमी' म्हणत ते चिडवायला. मी नाही म्हणालो. मग त्यांनी सांगितले. लहानपणी ते हैदराबादला एका उस्तादाकडे काम शिकले. चाचा तिथे जाण्याआधी उस्तादाने ही उदगीरची गाडी एकदा रंगवली होती आणि पुढे जन्मभर तिची गोष्ट सांगितली होती. दुधावरच्या सायीचा रंग. "उस्ताद म्हनायचे, कंपनीनं दिला तोच रंग मी दिला, तसूभर इकडंतिकडं न्हाई. त्यांच्या हातचं आता कायबी उरलं न्हाई. भिंती पडल्या, गाड्या भंगारात गेल्या. ही एक हाय."

म्हणजे भाऊसाहेबांना रंग हवा होता आणि चाचांना उस्तादाचा शब्द खरा ठरायला हवा होता. ते तसे बोलले नाहीत, पण गाडीजवळ बसण्याची त्यांची रीतच बदलली. पायातल्या चपला बाजूला काढून बसायचे.

डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी नाण्याएवढी जागा घासायला घेतली. चाचीचे सोड्याचे पाणी थेंबथेंब सोडत. लाल गेला, खाली आभाळी निळा निघाला. निळा गेला तशी साय निघाली. चाचांचा हात थांबला. "हे उस्ताद." मग आणखी हलके घासले. सायीखाली तांबूस अस्तर आणि अस्तराखाली थेट पत्रा.

"कंपनीचा रंग कुठंय?" मी विचारले.

"खरवडला," चाचा म्हणाले. "पत्रा दिसल्याबिगर उस्ताद हात लावत नव्हते." आणि कपाळाला हात लावून हसले. आपला रंग टिकावा म्हणून उस्तादाने आपलीच साक्ष पुसून टाकली होती.

एकच जागा उरली. नाकावर, बॉनेटच्या टोकाला, कंपनीचा पितळी बिल्ला होता, चार रिव्हेटांनी ठोकलेला. तसे रिव्हेट इकडे मिळायचे नाहीत, म्हणून तो कधीच कुणी काढला नव्हता. पुढच्या रंगवाल्यांनीही त्याच्या भोवतीने रंग मारला होता. कंपनीचा रंग असलाच तर त्याच्या खाली.

भाऊसाहेबांना बोलावून त्यांच्यासमोर चाचांनी रिव्हेट काढले. एक काढायचा, घाम पुसायचा, मग दुसरा. बिल्ला सुटला. खाली पिवळा रंग होता. जर्द पिवळा.

भाऊसाहेबांनी टाळी वाजवली. "पिवळी! शर्यतीची गाडी पिवळीच असणार. मी आजच हैदराबादला रंग सांगतो." आणि ते गेले.

चाचांनी अंगठा ओला केला नाही, उन्हाचे नाव काढले नाही. चपला घालून घरात गेले. दुपारी चाची जेवायला वाढून बसली, तर म्हणाले, "भूक न्हाई." रज्जाकने रस्त्यापलीकडून काहीतरी ओरडून पाहिले, तरी ते बाहेर आले नाहीत. संध्याकाळी मला एवढेच म्हणाले, "मोठी मानसंबी बोलतात कायबी. वय झालं की बोलतात." उस्तादाला माफ केल्यासारखे म्हणाले, पण स्वतः एकदम म्हातारे दिसले.

दुसऱ्या दिवशी बिल्ल्याची जागा झाकून ठेवायची म्हणून ती आधी पुसायला त्यांनी चिंधी बुडवली. बादलीत पाणी तेच, धुण्याचे. एक हात फिरवला आणि पिवळ्याचा लाल झाला.

"आता वरचा लाल सुटला ह्यात!" चाचा वैतागून ओरडले आणि आणखी जोराने पुसू लागले. जेवढे पुसावे तेवढे लाल. मीही वाकून पाहिले. मलाही काही कळेना.

चाची दोरीवर कपडे टाकत होती. तिने तिथूनच पाहिले आणि तोंडाला पदर लावला. "आवो, हळद हाय ती! कालवण सांडलेल्या सदऱ्याला साबन लावला की काय हुतंय, कदी बघितलं न्हाई का? न्हाई बघितलं. धुतलंय कुनी!"

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. दसऱ्याला लोक गाडीला हळद-कुंकू लावतात हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. रस्त्यावर दरवर्षी बघतच होतो. पण चाचांच्या घरी ती रीत नव्हती, आणि आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच ती बंद झालेली. उदगीरच्या त्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षे या नाकावर हळदीचे पाणी वाहिले असेल, ते बिल्ल्याखाली झिरपत गेले असेल, हे आमच्या दोघांच्याही मनात आले नाही. दुसऱ्या कुणाही माणसाच्या आले असते.

चाचा उभे राहिले. "गाडी ढकला," म्हणाले. "उन्हात घ्या."

हळद उन्हाला टिकत नाही, हेही चाचीनेच सांगितले. डाग पडलेला कपडा ती तसाच धुवून उन्हात टाकायची. गाडीचे नाक सूर्याकडे करून ठेवले. आणि त्या वर्षी आमच्याकडे दुसरे काही नसले तरी ऊन भरपूर होते. सावली फिरेल तशी आम्ही गाडी फिरवत होतो. रज्जाक म्हणायचा, "चाचा पापड वाळवून राहिले." डाग हळूहळू विटत गेला आणि खालचा रंग दिसू लागला. मधल्या वेळात चाचांनी एका डब्याच्या झाकणावर उस्तादाचा रंग आठवणीने कालवून लावला आणि तो वाळवला.

मग एका दुपारी मला हाक मारली. झाकण त्या जागेला लावून धरले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, पण चहाची कपबशी ते चाचपून घेत, ते मी पाहिले होते.

"तू बघ," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'तू'. "सारखा हाय का? माझ्यावर दया करून हाय म्हनू नको."

मी खूप वेळ पाहिले. मला चुकायची भीती वाटत होती. शेवटी म्हणालो, "रंग तोच आहे चाचा. फक्त गाडीवरचा जरा जुना वाटतो."

"जुनाच हाय त्यो," ते म्हणाले आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, उन्हात, खाली बसले. चपला काढून.

भाऊसाहेब आले ते पिवळ्या रंगाचे डबे घेऊनच. चाचांनी सगळे दाखवले. डाग, साबण, झाकण. भाऊसाहेब हसले. "हळद काय इतकी वर्षं राहते? मी हैदराबादला पिवळा सांगून बसलोय. मारा आता."

"मारतो की," चाचा म्हणाले. "गाडी तुमची. निळा म्हना, जांभळा म्हना, मारतो. फकस्त कंपनीचा पिवळा म्हनून मारनार न्हाई. तिथं कुनी इचारलं कुनी ठरवलं, तर माझं नाव येईल. आन माझ्यामागं उस्तादाचं."

"नाव कोण विचारतंय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि गाडी दुसरीकडे गेली. बिल्ला चाचांनी आदल्या दिवशीच परत बसवून ठेवला होता. रिव्हेट एकही मोडला नव्हता.

झाकण तेवढे शेडच्या पत्र्यावर, उन्हात, तारेने अडकवलेले राहिले. कॉलेजला जाता-येता दिसायचे. चाचा अधूनमधून त्याच्याकडे तोंड करून बसत. त्यांना ते कितपत दिसत होते कोण जाणे. मी एकदा म्हणालो, "तुमचं खरं होतं हे आम्हाला माहीत आहे ना." ते म्हणाले, "आपन चौघंच. लई कमी झाले." चार म्हणजे ते, चाची, रज्जाक आणि मी.

पुढे मला नांदेडला नोकरी लागली. जाण्याआधी पदवीचा निकाल दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, शेडबाहेर नेला, उन्हात धरला. त्यांना वाचता येत नव्हते, आणि आता दिसतही नव्हते. "पास दिसतंय," म्हणाले. नंतर जायचे जायचे म्हणत माझे जाणे लांबले.

परवा नांदेडच्या बसस्टँडवर रज्जाक भेटला. देगलूरला साडूकडे निघाला होता. मला मिठी मारून आधी तो हसलाच. "आरं, ती पिवळी गाडी! ऐकलं का न्हाई?"

गाडी रंगून प्रदर्शनाला जाऊन आली आणि उदगीरला घराच्या अंगणात उभी राहिली. नंतर कधीतरी भाऊसाहेबांच्या आईंना लेकीकडून परत आणले. वय झालेले, पण डोळे शाबूत. त्यांनी ओसरीवरून पाहिले आणि विचारले, "कोन पाव्हनं आलंय?" भाऊसाहेब म्हणाले, आई, आपलीच गाडी. तर म्हणाल्या, "आपली न्हवं ही. आपली सायीवानी हुती. म्या हळद लावली की कशी खुलून दिसायची."

"भाऊसाहेब सोता आले बग शेडवर," रज्जाक म्हणाला. "चाचांना घेऊन जायला."

मी तिथे स्टँडवरच ओरडलो. "मग? चाचा काय म्हणाले?"

रज्जाकने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुला कुनी कळवलं न्हाई व्हय," तो म्हणाला. "उन्हाळ्यातच गेले रे. भाऊसाहेब आले ते पावसाळ्याच्या तोंडाला."

देगलूरची गाडी लागली होती. लोक चढत होते. मी विचारले, चाची काय म्हणाली.

"स्टूल लावलं, वरचं झाकन काढलं आन भाऊसाहेबाच्या हातात दिलं. म्हनली, रंगवायच्या आदी उन्हात धरून बघा."