परसूअण्णांचा कोयता

परसूअण्णांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा दोघांनी त्यांचे हात मागून धरले होते आणि तिसरा त्यांना मारत होता. उचगावात आईच्या चुलतबहिणीच्या घरचं लग्न होतं. मे महिन्यातली दुपार, अंगाला कपडा नकोसा वाटणारा उकाडा. शेवटची मंगलाष्टकं चालू असताना मांडववाला, म्हणजे हेच परसूअण्णा, स्वतःच बांधलेल्या मांडवावर चढला आणि कोयत्याने वरचं कापड टराटरा फाडत सुटला. "खांब सोडा! भाईर पळा! वारं आलं!" खाली एकच किंकाळी उठली. म्हातारीकोतारी तुडवली गेली, जेवणाची पातेली लवंडली, नवरीच्या मुंडावळ्या कुणाच्या तरी बटणात अडकून तुटल्या. सगळं वऱ्हाड रस्त्यावर जाऊन उभं राहिलं आणि वाऱ्याची वाट बघू लागलं. समोरच्या आंब्याचं पानसुद्धा हललं नाही. मग नवरीच्या भावांनी अण्णांना खाली ओढलं. ओठातून रक्त गळत असताना हा माणूस म्हणत होता, "न्हाय आलं तर न्हाय आलं. आलं असतं तर?" त्या 'तर'वर त्यांना आणखी एक बसली.

खरं तर ते आमच्याच गावचे, काकतीच्या अलीकडचे. माझे वडील आप्पा आणि परसूअण्णा एकाच तालमीतले जोडीदार. दोघेही तापट, पण आप्पांचा राग तोंडात आणि अण्णांचा हातात. मांडवाचे पाइप सरळ बसले नाहीत तर ते पाइपांना लाथा घालत, टेम्पो सुरू झाला नाही तर टेम्पोला थोबाडीत मारत. मी बारावीला पास झाले तेव्हा "शाब्बास गं पोरी!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप घातली की आईने धावत पाणी आणलं. त्यांच्या मायेनेही माणसाला सूज येई. तरी गावातली पोरं त्यांच्याच भोवती असत, हे मला तेव्हाही नवल वाटायचं.

बेळगाव थंड हवेचं, हे आता आम्हीच सांगायचं आणि आम्हीच ऐकायचं. एप्रिल लागला की निपाणीकडून येणाऱ्या हमरस्त्यावर दुपारी डोळा ठरत नाही, विहिरीवरच्या मोटारीला हात लावला तर चटका बसतो, आणि माणसं विनाकारण एकमेकांच्या अंगावर धावून जातात. याच दिवसांत लग्नं आणि याच दिवसांत वळीव. म्हणून संध्याकाळी अण्णा आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, टीव्हीवरचं हवामान ऐकायला येत. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता असं नाही. हवामान सांगणाऱ्या बाईला त्यांनी मांडवाची मेख फेकून मारली होती आणि काच फुटली होती. आमच्याकडे येताना त्यांना रिकाम्या हाताने आत यावं लागे, अशी आईची अट होती.

बाई सांगायची, "उकाडा कायम राहील. दुपारनंतर तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस." झालं, अण्णा उसळायचे.

"आरं, ह्ये तुरळक ठिकाण कुठलं ते बोल की बाई! उचगाव का निपाणी? कुणाच्या दारात कापड बांधू आन् कुणाच्या दारातलं काढू?"

आप्पा म्हणायचे, "ती काय देव हाय व्हय रं?"

"न्हाय ना? मग माझं ऐक. तुरळक म्हंजे आपल्याच टकुऱ्यावर, असं धरून चालायचं."

त्यांचा स्वतःचा अंदाज टीव्हीपेक्षा बरा होता असं मात्र कुणी समजू नये. बहुतेक वेळा तो चुके. एकदा जांबोटीच्या बाजूला त्यांनी जेवत्या पंगती उठवल्या आणि नंतर नुसतं कडक ऊन पडलं. त्यांचा भरवसा होता तो एकाच गोष्टीवर, मांडवाच्या कापडावर. "कापडाचं पोट खाली असंल तर खुशाल बस. पोट वर गेलं की पळ. आन् खांब धरू नगंस." शेवटचं वाक्य ते ओरडून सांगत, कारण वारा आला की आमच्याकडची माणसं आधी खांबच धरतात. चार गडी खांबाला लोंबकळले की मांडव राहतो, अशी समजूत आहे. त्यात पुढची मुहूर्तमेढ पडली तर घराला अपशकुन, म्हणून तिला तर घरचा कर्ता स्वतः मिठी मारतो.

हा राग कशाचा, ते एकदा मला त्यांच्याच तोंडून कळलं. आमच्या कट्ट्यावर आई शेवया वाळत घालत होती आणि अण्णा सावलीला बसले होते. आभाळ भरून आलं तशी आई म्हणाली, "भाऊजी, एवढं भ्यायला काय झालंय तुमास्नी?" अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वैनी, आमचा थोरला, भरमूदादा, खांब धरून हुता. जत्रेचा मांडव. वाऱ्यानं कापड उचललं, कापडानं खांब उचलला. दादा देवळाच्या शिखराएवढा वर गेला, तरी सोडंना. दगडी कट्ट्यावर पडला. मी खालनं वरडत हुतो, 'दादा, धर! धर!' मीच सांगितलं धर म्हणून." एवढं बोलून त्यांनी हाताशी असलेला दगड उचलून समोरच्या भिंतीवर इतक्या जोरात मारला की गिलावा निघाला. आई शेवया गोळा करायला लागली.

उचगावच्या प्रकारानंतर लोक त्यांना मांडव सांगताना आधी कोयता मागून घेऊ लागले. माझं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनीही तेच केलं. मित्र झाला तरी पोरीचं लग्न पोरीचं लग्न. मेढ रोवायच्या दिवशी, सगळ्या भावकीसमोर, आप्पा म्हणाले, "परसू, माझ्या दारात कापड फाडायचं न्हाय. शपथ घे." अण्णांचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता हे आप्पांना उचलून आपटतात. पण त्यांनी कमरेचा कोयता काढला, आप्पांच्या हातात दिला आणि म्हणाले, "घेतली. पण वारं आलं तर तू मेढ धरायची न्हाईस. ही तुला शपथ." आप्पा हसले. कोयता आमच्या लोखंडी ट्रंकेत गेला, किल्ली आप्पांच्या करदोट्याला.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून पंख्याखालीसुद्धा घामाच्या धारा. फोनवर सरकारी संदेश येऊन गेला होता, कानडीत: गडगडाटासह पाऊस, जिल्ह्यात काही ठिकाणी. सगळ्यांनी वाचला आणि फोन खिशात ठेवला. मी पाटावर उभी राहिले, अंतरपाट धरला, भटजींनी माइकवर पहिलं मंगलाष्टक उचललं. एवढ्यात अंधारून आलं. मी वर पाहिलं. कापडाचं पोट वर गेलं होतं.

कोपऱ्यातून अण्णांचा आवाज आला, "कोयता दे!"

आप्पा दातओठ खात म्हणाले, "शपथ घेतलीयास, परसू."

त्यानंतर जे झालं ते मांडवातल्या कुणाच्याही बापाने पाहिलं नव्हतं. अण्णांनी भटजींच्या हातातला माइक हिसकला आणि "उठा! भाईर!" अशी डरकाळी फोडली. उठेनात त्यांच्या खुर्च्या लाथेने उलटवल्या. माझ्या सासूबाईंना, ज्यांना त्यांचा मुलगाही अदबीने हाक मारी, दंडाला धरून ओढत नेलं आणि शेजारच्या गोठ्यात ढकललं. माझ्या मामाला दोन मुस्काटात दिल्या. मग वारा आला. एका दमात धूळ, पत्रावळ्या, खुर्च्या सगळं उठलं आणि मागून टपोऱ्या गारांचा मारा सुरू झाला. अंतरपाट उडाला तेव्हा पलीकडे नुसता पाट होता. नवरदेव कधीच गोठ्यात पोचले होते. हे मी त्यांना अजून लग्नाच्या दर वाढदिवसाला ऐकवते.

लोक खांब धरायला धावले तसे अण्णा मेखा ठोकायचा लाकडी हातोडा घेऊन त्यांच्या अंगावर गेले. "खांब सोडा! सोडा म्हंतोय न्हवं!" हातोडा बघून माणसं पळाली. उरले फक्त आप्पा. त्यांनी मुहूर्तमेढीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, डोळे गच्च मिटले होते, आणि मेढ मुळापासून हलत होती. अण्णा त्यांच्या कानाशी ओरडले, "गड्या, सोड! तुझ्या पाया पडतो, सोड!" आप्पांनी मान हलवली. अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, गारांचं नव्हे. मग त्यांनी हातोडा उचलला आणि माझ्या बापाच्या मनगटावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज त्या वादळातही मला ऐकू आला. आप्पा खाली कोसळले आणि त्याच वेळी कापड, पाइप आणि मेढ, सगळं एकदम वर गेलं. मेढ नंतर सापडली ती शेजारच्या माडीचा पत्रा फोडून आत घुसलेली, आंब्याची पानं अजून बांधलेली.

वारा थांबल्यावर माझ्या भावांनी अण्णांना धरलं. दोघांनी हात मागे ओढले, तिसरा मारत होता. अण्णांनी या वेळी एक शब्द काढला नाही. मी शालू सावरत मध्ये पडले, "सोडा त्यांना! ते नसते तर आप्पा नसते!" म्हणून किंचाळले, पण नवऱ्या मुलीचं ऐकतो कोण? शाळेच्या खोलीत अक्षता पडल्या. आप्पांनी मोडका हात टॉवेलात बांधून कन्यादान केलं आणि मगच ते दवाखान्यात गेले. जाताना अण्णांकडे न बघता म्हणाले, "मी धरली हुती. ऱ्हायली असती मेढ." अण्णा चिखलात बसून राहिले होते. तेच त्या दोघांमधलं शेवटचं बोलणं.

मेढ गेली म्हणून माझा संसार मोडेल असं गावात पुष्कळांनी सांगितलं. तो चांगला चाललाय. मोडलं ते दुसरंच काही. अण्णा आमच्या सोप्यात यायचे थांबले. आप्पा एकटेच हवामान बघत आणि बाईने तुरळक ठिकाणी म्हटलं की सवयीने दाराकडे पाहत. मनगट वाकडं जुळलं होतं. आभाळ भरून यायच्या आधी ते ठणकू लागे. मग आप्पांचा बेळगावात मला फोन यायचा, "वाळवण आत घे गं. मनगट बोलाय लागलंय." मी एकदा म्हटलं, "आप्पा, ते परसूअण्णा बोलतात." त्यांनी फोन ठेवून दिला. पण पुढच्या वळवाला पुन्हा केला.

यंदाच्या एप्रिलात अण्णा गेले. भर दुपारी निपाणीजवळ कुणाच्या तरी दारात मांडव घालत होते. वर चढून दोरी आवळताना उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली असावी. पाइप धरायला हात गेला नाही, असं बघणारे म्हणाले. धरला असता तर वाचले असते, असंही म्हणाले. मला रडू आवरेना.

मी गावी पोचले तेव्हा त्यांच्या दारात लोकांना सावली म्हणून मुलांनी अण्णांचंच कापड बांधलं होतं. खाली अण्णा निजले होते, तोंड अजून रागावलेलं. मी आप्पांना कुठे दिसतात का म्हणून शोधत होते, तोच ते आले. वाकड्या हातात कोयता होता. ट्रंकेत गंजत पडलेला, आता घासून लखलखीत केलेला. लोक बाजूला झाले. कोयता अण्णांच्या उशाशी ठेवायला आप्पा वाकले आणि तसेच थांबले. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट दाबून धरलं. एक गरम झुळूक आली, थोडी धूळ उडाली, कापड हललं. अण्णांची मुलं आणि माझे भाऊ सवयीने उठून खांबांकडे धावले.

"खांब सोडा!" आप्पा ओरडले. तो आवाज आप्पांचा वाटलाच नाही. ते खुर्चीवर चढले आणि कोयत्याने कापड फाडायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दम लागेपर्यंत, रडत, अण्णांना शिव्या देत. सगळे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी आप्पांचा पाय धरून तिथेच उभी होते. फाटक्या कापडातून ऊन थेट अण्णांच्या तोंडावर पडलं.

वारा आला नाही. आम्ही पुष्कळ वेळ थांबलो.

कुणी आप्पांना हात लावला नाही. ते खुर्चीवरून उतरले, कोयता अण्णांच्या उशाशी ठेवला आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "न्हाय आलं तर न्हाय आलं, गड्या."