हुकमी मुलगी

शिवणाचं दुकान बंद करून ती चाळिशीत विशेष मुलांची शिक्षिका व्हायला निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं, इथे देवमाणसं भेटतील. भेटले ते एकजात नाटकी! दिवसभर तक्ते रंगवायचे, 'बिचारी लेकरं' म्हणून उसासे टाकायचे, आणि लाळ पुसायची वेळ आली की मावशींना हाक मारायची. शिक्षिका व्हायला आलेल्या वर्गातले सगळे तिला शिंपीणबाई म्हणत. म्हणोत बापडे.

सरावासाठी तिच्या वाट्याला नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. चार महिने दोघी शर्टाच्या एका बटणाशी झुंजत होत्या. बटण काजापर्यंत यायचं आणि निसटायचं. मुलगी चिडून शर्टच चावायची.

शेवटचा पाठ परीक्षकबाईंसमोर. त्यात नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा, आणि नवऱ्याने तर बजावलंच होतं, "यंदा नाही झालं तर गुपचूप मशीनवर बसायचं." त्या दिवसापुरती इथे एक रीत होती. आपल्या वाट्याचं मूल बाहेर बसवायचं आणि 'हुकमी'ला आत घ्यायचं. हुकमी याच शाळेतली, तेरा वर्षांची, गोड. तिला सगळं येत होतं.

"उगाच शहाणपणा नको," विभागप्रमुखबाई म्हणाल्या. "सगळेच करतात."

शिंपीणबाईने मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडल्या आणि मुकाट्याने हुकमीला आत घेतलं.

हुकमीने बटण भलत्याच काजात घातलं, काढलं, पुन्हा चुकवलं. मग मान वर करून कुजबुजली, "ताई, दोनदा चुकले. आता जमवू?"

शिंपीणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. काय शिकवलं या लोकांनी पोरीला? न येण्याचं सोंग! आणि आपण तरी कोण मोठे लागून गेलो?

"मॅडम, हिला हे केव्हापासूनच येतं. माझी विद्यार्थिनी बाहेर बसलीय."

"माहीत आहे हो," परीक्षकबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "यंदा ही सातव्यांदा बटण शिकतेय. बसा, सही करते."

"नका करू," म्हणत तिने दार उघडलं आणि आपल्या मुलीला हाताला धरून आत आणलं.

अर्धा तास गेला. बटण लागलं नाही. 'पाठ अयशस्वी' असा शेरा मारून परीक्षकबाई चहाला गेल्या.

हुकमी मात्र तिथेच उभी होती, डोळे विस्फारून.

"ताई, ही खरंच चुकतेय?"

"हो गं. खरंच," शिंपीणबाई म्हणाली, आणि बटण पुन्हा मुलीच्या बोटांत दिलं.